लहानपणाचा साक्षीदार

ज्या विकारावर माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली, त्याचं मराठी नाव ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार’ असं आहे. हे नाव शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्याला तो विकार नसतो, असं आमच्या कचेरीत म्हणत. ती आमची सर्वांत स्वस्त चाचणी होती. बाकी जग इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतं, तेच मीही म्हणेन.

नागपुरात एका संशोधन प्रकल्पात मी मानसशास्त्रज्ञ होते. पदाचं नाव ‘वरिष्ठ संशोधन सहायक’. कनिष्ठ कोणी नव्हतं. काम असं, की लहानपणी ज्यांना एडीएचडी असल्याचं निदान झालं ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं, हे पाहायचं. त्यासाठी त्यांना अधूनमधून बोलवायचं, चाचण्या घ्यायच्या, आणि नाही आली तर घर शोधत जायचं.

प्रकल्पाचं उद्घाटन यथासांग झालं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे ‘एकाग्रतेचं महत्त्व’ या विषयावर बोलले. मध्ये दोनदा त्यांचा फोन वाजला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो घेतला. आमचे प्रमुख डॉ. सोनटक्के पहिल्या रांगेत बसून मान डोलावत आपल्या भाषणाचे मुद्दे काढत होते. सभागृहात लक्ष देऊन ऐकणारा माणूस एकच होता, माईकवाला. त्याला त्याचे पैसे मिळत होते.

बाहेरच्या माणसाला हा विकार समजावून सांगणं तसं सोपं आहे, फक्त त्याचा विश्वास बसत नाही. आईबाप म्हणत, “मॅडम, हा मोबाइलसमोर तीन तास हलत नाही, मग याचं लक्ष कमी कसं?” मी सांगायची, लक्ष कमी नाही, त्याचं हॅण्डल सैल आहे. सायकल जोरात पळते, पण आपण म्हणू तिकडे वळत नाही. यावर वडील म्हणत, “आमच्या वेळेस एक ठेवून दिली की वळत होती.” आणि मुलाच्या आधी त्यांचाच पाय टेबलाखाली हलत असायचा.

किल्ल्या सगळेच विसरतात. त्याला विकार म्हणत नाहीत. घरी, शाळेत, कामावर, सगळीकडे तेच व्हावं लागतं. त्यानं आयुष्याची पुरेशी नासाडी व्हावी लागते. आणि सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते. मोठेपणी एकाएकी सुरू झालेली वेंधळाई आमच्या हद्दीत येत नाही, तिची कारणं दुसरीकडे शोधायची. ही शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. माझी गोष्ट तिच्यावरच अडली होती.

आमचा पहिला निष्कर्ष फार गाजला. वय वाढतं तसा हा विकार जातो, असं त्यात म्हटलं होतं. सरांचा त्याबद्दल सत्कारही झाला. निष्कर्ष खरा होता. जी मुलं ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी, कागदपत्रं घेऊन तपासणीला आली, त्यांच्यात विकार फारसा उरला नव्हता. जी आली नाहीत त्यांची नावं आम्ही नियमाप्रमाणे कमी केली होती. मी सरांना म्हटलं, “सर, जे यायचं विसरले त्यांच्यातच तो असेल.” सर म्हणाले, “जे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल आपण कसं बोलणार?” हे शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होतं. पुढे दोन उन्हाळे मी न आलेल्यांची घरं शोधत हिंडले. निम्म्यांचे फोन हरवले होते आणि उरलेल्यांचे सापडत नव्हते. त्यांची उत्तरं आली तशी निष्कर्ष बदलला. धावणं, चढणं, उड्या मारणं वयानुसार थांबतं. आतली धावपळ बऱ्याच जणांत चालूच राहते. दुसऱ्या निष्कर्षाबद्दल सत्कार झाला नाही.

मग आम्ही मोठ्या माणसांना थेट तपासायला लागलो. आमच्याकडे आलेलं सर्वांत नामांकित गिऱ्हाईक म्हणजे इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी. वय पंचावन्न. चांगला चाललेला धंदा सहा महिन्यांत विस्कटला होता. एकच ऑर्डर दोनदा पाठवायचे, दुसरी पाठवायचेच नाहीत, आणि बोलता बोलता उठून समोरच्या दुकानात जाऊन बसायचे. घरच्यांना वाटलं, मेंदूत गाठ असावी. ती नव्हती. मी विचारलं, “सहा महिन्यांपूर्वी काय झालं?”

“मले काही नाही झालं, मॅडम. मुनीमजी रिटायर झाले, बस.”

इतका नेमका पूर्वेतिहास मला कोणी दिला नाही. मुनीमजी चाळीस वर्षं या माणसाच्या डोक्याचा उजवा भाग होते. ते काशीला गेले आणि शेटजींचा लहानपणापासूनचा आजार पहिल्यांदा उघडा पडला. आम्ही औषध सुचवलं. शेटजींनी ते घेतलं नाही, मुनीमजींना अर्ध्या दिवसावर परत बोलावलं. आमच्या अहवालात याची नोंद ‘वर्तनविषयक उपाययोजना’ अशी आहे.

त्या शेटजींमुळेच शालिनीताई भोयर यांचं प्रकरण मला लवकर कळलं, असं आता वाटतं.

शालिनीताईंना त्यांचा मुलगा अभिजित घेऊन आला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत, जन्मभर पहिल्या नंबरानं पास होत आलेला. आई सत्तरीला टेकलेली, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, मनीषनगरात एकटी राहणारी. वडील, भोयर सर, दीड वर्षापूर्वी वारले. अभिजितनं सगळं मुद्देसूद सांगितलं. आई गॅसवर दूध ठेवून गच्चीवर गेली. नळ सुरू ठेवून बाजारात गेली, खालच्यांच्या छतातून पाणी गळलं. आणि शहराच्या कडेला बेस्यात कोणाकडे वास्तुशांतीला गेली ती परतीचा रस्ता चुकली. एका डॉक्टरांनी ‘स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते’ असं सांगितलं होतं. तो दिवाळीनंतर आईला कायमची पुण्याला नेणार होता. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं.

बेस्यात रस्ता चुकणं हे आजाराचं लक्षण धरलं तर अर्ध्या नागपूरला दाखल करावं लागेल. तिथे दर सहा महिन्यांनी नवी वस्ती उगवते आणि जुन्या रस्त्यावर भिंत येते. पण दुधाचं आणि नळाचं तसं म्हणता येत नव्हतं.

तो बोलत असताना शालिनीताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या अंगणातल्या बोरीला कीड लागली आहे.”

“आई, तुझ्याबद्दल बोलणं चाललंय.”

“हो ना. सॉरी, मॅडम. बोला.”

या बाई दर तीन वाक्यांनी माफी मागत होत्या. पर्स उघडी राहिली, सॉरी. प्रश्न पुन्हा सांगता का, सॉरी. मी विचारलं, “पुण्याला जायचंय का तुम्हाला?”

“तिथे काय करू, मॅडम? अकरावा मजला. इथे रस्ता चुकले तर कोणी ना कोणी विद्यार्थी भेटतो आणि घरी आणून सोडतो. पुण्यात मला हरवायचीसुद्धा सोय नाही.”

अभिजितनं चष्मा काढून पुसला. वाईट मुलगा नव्हता. “मॅडम, मी रात्री झोपत नाही हो. हा तिचा पहिल्यापासूनचा स्वभाव असेल आणि वाढत नसेल, तर राहू देतो तिला इथे. पण वाढता आजार असेल तर मी तो धोका घेणार नाही.”

सगळं यावरच होतं. वाढता आजार असेल तर शालिनीताईंचं मनीषनगर सुटणार. जुनाच असेल तर राहणार.

आता हा फरक कसा करायचा? सोपं करून सांगते. स्मृतिभ्रंशात वहीतली पानं गळू लागतात. एडीएचडीत पान शाबूत असतं, पण लिहायच्या वेळी माणूस बोरीकडे पाहत असल्यामुळे त्यावर काही लिहिलंच जात नाही. दोन्हीकडे पान कोरंच दिसतं. म्हातारपणी हे वेगळं काढणं अवघड असतं, त्यात एकाच माणसाला दोन्ही असायलाही बंदी नाही. घरातली व्यवस्था सांभाळणारा माणूस गेला की जुना विकार नवा वाटतो. भोयर सर घराच्या दारामागे खिळा ठोकून किल्ली अडकवत, गॅस बंद करत, बायकोच्या पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी ठेवत. थोडक्यात, मुनीमजी होते. पण हा माझा अंदाज झाला. अंदाजावर निदान होत नाही, त्याला साक्षीदार लागतो. शालिनीताई नऊ-दहा वर्षांच्या असताना कशा होत्या, हे स्वतः पाहिलेला माणूस.

सत्तरीच्या माणसाच्या लहानपणाचे साक्षीदार बहुधा वर गेलेले असतात. आईवडील नव्हते, गुरुजी नव्हते. थोरली बहीण तेवढी होती. गिरजाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मौद्याच्या पलीकडच्या एका गावात.

आमचा एक नियम होता. कोणत्या उत्तरानं काय होईल हे साक्षीदाराला सांगायचं नाही, नाहीतर तो आपल्याला हवं ते बोलतो. रुग्णानंही समोर बसायचं नाही. म्हणून अभिजितची गाडी गावाच्या तोंडाशी निंबाखाली थांबली. दोघांना तिथेच बसायला सांगून मी एकटी गेले.

गिरजाबाई ओसरीवर बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. दूर वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. मी बसताच मला ठसका लागला आणि डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते मुलाखत संपेपर्यंत थांबलं नाही.

“या वो बाई. कुठून आल्या?”

“नागपूरहून. तुमच्या बहिणीबद्दल, शालिनीताईंबद्दल थोडं विचारायचं होतं. लहानपणी कशा होत्या त्या?”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. हातातली पर्स, वह्या, चष्मा. मग सावरून बसल्या.

“शालू? सोन्यासारखी पोट्टी. गरीब गाय. एका जागी बसवली तं सांजेपर्यंत तिथंच.”

“वस्तू हरवायच्या का त्यांच्याकडून?”

“छ्या! सुई नाई हरवली तिच्या हातून.”

“सांगितलेलं काम विसरायच्या?”

“एकदा सांगावं, बस. दुसऱ्यांदा तोंड उघडाचं काम नाई.”

“शाळेत?”

“गुरुजी म्हणे, अशी पोट्टी गावात झाली नाई.”

मी लिहून घेत होते. प्रत्येक उत्तराबरोबर शालिनीताई पुण्याच्या एकेक स्टेशन जवळ जात होत्या. लहानपण इतकं निर्दोष असेल तर आजच्या विसराळूपणाची सुरुवात आजचीच, आणि आजची म्हणजे वाढती. मला तर खात्री होती की गिरजाबाई खोटं बोलताहेत. पण खात्री हा पुरावा नसतो. ‘आठवून पाहा, काहीतरी विसरतच असतील’ असं म्हणायची मला मुभा नव्हती.

मी न विचारताच गिरजाबाई पुढे गेल्या. “भाकर अशी थापे, पुनवेचा चंद्र. मोठ्यायले उलटून बोलली नाई कधी. अन् रंग? उजळ. आमच्या घरात सर्वांत उजळ तेच.”

रंगाचा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवत होतो.

“गिरजाबाई, हे सगळं तुम्ही याआधी कोणाला सांगितलं होतं का?”

“सांगितलं ना. भोयरांकडचे लोक आले होते चौकशीले. मी माहेरी आली होती तवा. आबानं आमच्या सर्वायकडून पाठ करून घेतलं होतं. शेजारच्या मथीकडूनबी. कोणी परकं माणूस येऊन पोरीबद्दल पुसलं तं असंच सांगाचं असते.”

“आणि ते तसंच होतं?”

“बाई, तुमीबी कमाल करता! खरं सांगून का लग्न मोडाचं होतं?”

जवळपास पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलेलं उत्तर त्यांनी मला शब्दही न चुकवता म्हणून दाखवलं होतं. त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल तरी शंका नको होती.

मी पेन खाली ठेवलं. जे बोलायची मुभा होती तेवढंच बोलले. “गिरजाबाई, लग्न झालं. संसार झाला. भोयर सर गेले. आता मोडण्यासारखं काही उरलं नाही. मला चांगलं नको आणि वाईटही नको. जे व्हायचं तेवढं सांगा.”

मोडण्यासारखं काही उरलं नाही, हे खरं नव्हतं. एक घर मनीषनगरात होतं. पण ते सांगणं नियमात बसत नव्हतं.

त्यांनी बराच वेळ एकच मिरची हातात फिरवली. “तिले कमीपणा नाई येणार?”

“नाही.”

“तिच्या पोराले?”

“नाही.”

“मंग लिहा,” गिरजाबाई म्हणाल्या. “अन् दुसरी वही हाय का? हे पुरणार नाई.”

पुढे त्या थांबल्याच नाहीत.

“आबाची भाकर घेऊन वावरात पाठवली तं रस्त्यात लोहार गाडीच्या चाकाले लोखंडाची धाव चढवून राहिला होता. ते पाहत बसली. आबा तिकडं उपाशी, हे इकडं भाकर मांडीवर घेऊन बसलेली. लोहारानं खाल्ली अर्धी. पाण्याले पाठवली तं घागर विहिरीवर अन् पोट्टी कुंभाराकडं. केसाची एक वेणी घालू दे, दुसरीच्या आंधी पळे. महिनाभर एकच वेणी पाहिली गावानं. शाळेत गुरुजीनं दाराजवळ बसवली, म्हणे उठून जातेच तं घंटा तं वाजव. तं हे मन येईल तवा वाजवे. एकदा दुपारीच शाळा सुटली. गुरुजी म्हणे, अशी पोट्टी गावात झाली नाई. ते खरंच म्हणे गुरुजी. भोयरांच्या लोकायले मी तेवढंच सांगितलं, घंटा नाई सांगितली.”

“आणखी?”

“माझ्या लग्नात करवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली अन् करवली गायब! सर्व मांडव शोधून राहिला. हे बाई वाजंत्र्यायच्या मांगं उभी. सनईच्या भोकातून आवाज कसा निंगते, ते पाहून राहिली होती.”

त्या हसल्या. मग हसू एकदम गेलं आणि हातही थांबले. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

“लय मारलं वो बाई तिले. आबानं मारलं, आईनं मारलं, गुरुजीनं मारलं. त्या दिवशी लग्नाच्या लुगड्यावर मीबी मारलं. दर खेपी म्हणे, चुकलं बाई, आता नाई विसरणार. खरंच वाटे तिले, का आता नाई विसरणार. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमाले वाटे, मुद्दाम करून राहिली.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरच्या होत्या.

“मले तं मारलेलं आठवत नाई, बाई,” मागून आवाज आला. शालिनीताई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. नागपुरात आमच्याशी शुद्ध बोलणाऱ्या भूगोलाच्या शिक्षिका बहिणीसमोर क्षणात नऊ वर्षांच्या झाल्या होत्या.

“तुले नाई आठवत,” गिरजाबाई म्हणाल्या. “मले आठवते.”

शालिनीताईंचं वाक्य मी लिहून घेतलं नाही. मार आठवत नाही, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता आला असता.

मग थोरलेपण परत आलं. “अन् तू इथं काहून आली वं? कोणासंगं आली?”

“अभिजितसंगं. गाडीत बसाले सांगितलं होतं. बसलीच होती. मंग तुझी म्हैस दिसली. तिच्या मांगं आली.”

“म्हैस कुठी हाय मंग?”

शालिनीताईंनी मागे वळून पाहिलं. म्हैस नव्हती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून अभिजितच्या हाका ऐकू येत होत्या, “आई! आई!” मी वहीत ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ असं शीर्षक घातलं.

डॉ. सोनटक्क्यांना हे प्रकरण फार आवडलं. पुढच्या परिषदेत ‘पाळण्यापासून काठीपर्यंत’ या नावानं मांडायची त्यांची तयारी सुरू झाली. मी म्हटलं, अजून अर्धंच झालंय. लहानपणी विकार होता हे कळलं, पण म्हातारपणात दुसरा आजार त्याला येऊन मिळाला नाही, हे कुठे कळलंय? ते एकाच मार्गानं कळतं. आज चाचणी घ्यायची, वर्षभर थांबायचं, पुन्हा तीच चाचणी घ्यायची. गुण घसरले तर वाढता आजार. सरांनी परिषदेची तारीख पाहिली आणि दुसरं प्रकरण निवडलं.

चाचणी झाली. शब्द ऐकून पुन्हा म्हणणं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं, आकृती पाहून नंतर काढणं. शालिनीताईंना वाईट गुण मिळाले. वजाबाकी करता करता त्या पंख्याच्या पात्यांकडे पाहू लागल्या आणि बहात्तरच्या जवळपास कुठेतरी उतरून गेल्या.

अभिजितनं एक वर्ष दिलं. आपण होऊन बंद होणारा गॅस बसवला. भोयर सरांचा खिळा दारामागे होताच, त्यावर किल्ली अडकवायची सवय पुन्हा लावली. आणि गिरजाबाईंनी रोज सकाळी फोन करायचं काम अंगावर घेतलं. एकदा मी घरी गेले असताना तो फोन आला. स्पीकर सुरूच असे, कारण फोन कानाला लावला की शालिनीताई तो तसाच खांद्यात धरून कामाला लागत आणि मग शोधत.

“उठली का वं? दूध उतू गेलं का जाचं हाय?”

“बंद केला गॅस, बाई.”

“जाऊन पाय.”

शालिनीताई गेल्या. गॅस सुरू होता, तो बंद केला. “बंद हाय,” त्यांनी येऊन सांगितलं आणि मला डोळ्यांनीच विनवलं. हेही मी कुठे लिहिलं नाही.

त्या वर्षात मला एका गोष्टीची रुखरुख लागली, ती अजून आहे. प्रकल्पाच्या सुरुवातीला मुलांना घेऊन आया येत. चुकीच्या दिवशी येत, फाइल रिक्षात विसरत, बोलता बोलता भलतीकडे जात आणि माफी मागत. आम्ही त्यांना मुलाबद्दल सगळं विचारलं. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही, प्रश्नावलीत जागा नव्हती. त्यांना आम्ही ‘असहकारी पालक’ म्हणत असू. त्यातल्या किती जणी कोणाच्या मार खाल्लेल्या शालू होत्या, हे आता शोधायला साक्षीदार उरले नसतील.

वर्ष झालं. अभिजित पुण्याहून आला. मी घेतलेली ही शेवटची चाचणी, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार होते. शालिनीताई आत गेल्या. तेच शब्द, त्याच आकृती, तीच सात-सातची वजाबाकी. मधे एकदा त्या उठून खिडकीपाशी गेल्या. अभिजित बाहेर बाकावर बसून होता. त्याला शिपायानं ‘काही घ्याल का’ असं विचारलं तर म्हणाला, “नको, बोलावतील.” चाचणी संपेपर्यंत त्याला कोणीही बोलावणार नव्हतं.

गुण मोजून मी दोघांना समोर बसवलं. शिक्षिकेनं आधी विचारलं.

“किती मिळाले?”

“मागच्या वर्षीइतकेच.”

“ते तर फार कमी होते.”

“हो. तेवढेच कमी आहेत.”

“सॉरी, मॅडम.”

“शालिनीताई, याबद्दल नका म्हणू. कमी झाले असते तर काळजी होती. तुम्ही आहात तशाच आहात.”

त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी जी माफी मागत होते…” आणि वाक्य तिथेच सोडलं. या वेळी त्या पंख्याकडे पाहत नव्हत्या.

अभिजित कागदाकडे पाहत होता. आईचे इतके वाईट गुण पाहून कोणाही मुलाला इतका आनंद झालेला मी पाहिला नाही, पण तो आनंद चेहऱ्यावर यायला त्याला वेळ लागला. “शाळेतून आणायला नेहमी बाबाच का यायचे, ते आज कळलं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, तुला कंटाळा येतो.”

“एकदा मी आले होते,” शालिनीताई म्हणाल्या. “तू घरी पोचला होतास. मग मी तिथेच थांबले, तुझ्या शाळेसमोर भांड्यांना कल्हई करणारा एक जण बसायचा.”

अभिजित हसला. चष्मा पुसायचं काम पुन्हा निघालं. पुण्याचा विषय कोणी काढला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणीला यायचं, एवढं मी सांगितलं. त्याची तारीख त्यानं आपल्या फोनमध्ये घातली, आईच्या नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मौद्याहून. गिरजाबाईंना धीर निघत नव्हता. त्यानं स्पीकर सुरू केला.

“काय म्हणे रे बाबू डॉक्टरीण?”

“मावशी, आई तशीच आहे.”

“तशीच? म्हणजे सुधारली नाई?”

“नाही, मावशी. अजिबात नाही.”

मग गिरजाबाईंचा आवाज आला, जरा भरल्यासारखा. तिकडे मिरच्या असाव्यात.

“बरं झालं बापा,” त्या म्हणाल्या.